आजोबांची गोळी आणि बर्फावरची मुलगी

फेब्रुवारी २०२२ मधली गोष्ट. संध्याकाळची ओपीडी आटोपत आली होती. आमचे एक जुने पेशंट आत आले. निवृत्त शिक्षक. दर महिन्याला रक्तदाब तपासून घ्यायला येणारे हे गुरुजी त्या दिवशी हातात वर्तमानपत्राची घडी घेऊनच आले होते. खुर्चीत टेकण्याआधी त्यांनी ती टेबलावर उलगडली, खिशातून आपल्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्याशेजारी ठेवली आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, हे नाव आणि हे नाव एकच ना?"

एकच होते. ट्रायमेटाझिडीन. गुरुजींना चढ चढताना छातीत दुखते, ज्याला आम्ही अंजायना म्हणतो. त्यासाठी हृदयरोगतज्ज्ञांनी इतर औषधांच्या जोडीला ही गोळी सकाळ-संध्याकाळ लिहून दिलेली. आणि बातमी अशी होती की, बीजिंगच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेली रशियाची फिगर स्केटिंगपटू कामिला वालिएवा हिच्या लघवीत हेच औषध सापडले. तिचे वय १५.

"माझी नात यंदा दहावीला आहे," गुरुजी म्हणाले. "तिच्याच वयाची ही पोर. एवढ्याशा मुलीला छातीचं दुखणं?"

वाचकहो, तेव्हा मी त्यांना दोन वाक्यांत उत्तर देऊन वाटेला लावले. परंतु प्रश्न डोक्यातून गेला नाही. पुढे दोन वर्षे ते प्रकरण चालले, निकाल लागला, पदके इकडची तिकडे झाली. आपल्या जिल्ह्यात बर्फ पडत नाही, तेव्हा या खेळाशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. पण गोळी तर आपल्याच घरातल्या कपाटातली आहे. म्हणून आजचा लेख.

प्रथम गोळीविषयी. आपले हृदय अहोरात्र काम करते आणि त्यासाठी लागणारे इंधन मुख्यतः चरबीच्या ज्वलनातून मिळवते. चरबी जाळायला प्राणवायू जास्त लागतो, साखर जाळायला त्यामानाने कमी. हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की प्राणवायूची टंचाई होते. ट्रायमेटाझिडीन चरबीच्या ज्वलनातील एक पायरी अडवते आणि हृदयाच्या स्नायूला साखरेकडे वळवते. चुलीला हवा कमी मिळत असेल तर कमी हवेत पेटणारे सरपण घालावे, तसा हा प्रकार. नाडीचे ठोके किंवा रक्तदाब यांत विशेष फरक न पाडता ती काम करते, म्हणून वृद्धांना बरी पडते.

आता पंधरा वर्षांच्या निरोगी मुलीच्या हृदयाला प्राणवायूची टंचाई नसते. मग तिला या गोळीने काय मिळणार? प्रामाणिकपणे सांगायचे तर निरोगी खेळाडूला तिचा मोठा लाभ होतो याचा पुरावा तोकडाच आहे. तरीही जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, जिला सगळे 'वाडा' म्हणतात, हे औषध २०१४ पासून बंदीच्या यादीत घातले. आधी फक्त स्पर्धेच्या काळापुरते, आणि २०१५ पासून बाराही महिने. चीनचा ऑलिंपिक विजेता जलतरणपटू सुन यांग याला २०१४ साली याच औषधापायी तीन महिने बाहेर बसावे लागले होते. यादीत नाव जाण्यासाठी तीन कसोट्या असतात. औषधाने कामगिरी वाढण्याची शक्यता, प्रकृतीला धोका, आणि खिलाडूपणाला बाधा. तीनपैकी दोन लागू झाल्या की पुरे.

प्रकृतीच्या धोक्याचे मात्र मला डॉक्टर म्हणून विशेष वाटते. युरोपातील औषध नियंत्रण संस्थेने २०१२ मध्ये या गोळीचा फेरआढावा घेतला. काही रुग्णांत हातापायांना कंप, ताठरपणा, चालताना तोल जाणे अशी कंपवातासारखी लक्षणे दिसली होती. म्हणून चक्कर आणि कानातला आवाज यांसाठी ती देणे बंद करायला सांगितले आणि अंजायनापुरती, तीही दुसऱ्या औषधांच्या जोडीला, मर्यादित ठेवली. ज्या खेळात बुटाच्या पात्याच्या कडेवर तोल सांभाळायचा, त्या खेळातल्या मुलीच्या शरीरात तोल बिघडवू शकणारे औषध! देणाऱ्याने काय विचार केला असेल?

कारण घटना अशा घडल्या. २५ डिसेंबर २०२१ रोजी सेंट पीटर्सबर्ग येथे रशियाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिचा नमुना घेतला गेला. तो स्टॉकहोमच्या प्रयोगशाळेत गेला. अहवाल यायला सहा आठवडे लागले. तोवर मुलगी बीजिंगला पोहोचली होती. ७ फेब्रुवारीला सांघिक स्पर्धेत तिने हवेत चार गिरक्या घेऊन उडी पुरी केली. ऑलिंपिकमध्ये ही उडी उतरवणारी ती पहिली महिला. तिच्या संघाला पहिला क्रमांक मिळाला. दुसऱ्याच दिवशी अहवाल हाती आला.

त्यानंतरचा आठवडा त्या मुलीने कसा काढला असेल, याची कल्पनाच केलेली बरी. रशियाच्या उत्तेजकविरोधी संस्थेने आधी तिच्यावर तात्पुरती बंदी घातली, दुसऱ्या दिवशी उठवली. प्रकरण क्रीडा लवादापुढे गेले. लवादाने १४ फेब्रुवारीला सांगितले, खेळू द्या. कारण ती सोळा वर्षांखालची, म्हणजे नियमांच्या भाषेत 'संरक्षित व्यक्ती'. शिवाय आता अडवले आणि पुढे निर्दोष ठरली, तर तिची भरपाई कशी करणार? ऑलिंपिक समितीने जाहीर केले की ही मुलगी पहिल्या तिघींत आली तर पदक वितरणच होणार नाही. म्हणजे खेळायची परवानगी, आणि तिच्या जिंकण्याने इतर दोघींच्या गळ्यातही पदक पडणार नाही, हे ओझेही तिच्याच डोक्यावर.

१५ तारखेच्या पहिल्या फेरीत ती पहिली आली. १७ तारखेला सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांपुढे ती पुन्हा पुन्हा पडली. एकूण चौथी. बर्फावरून बाहेर येताच तिच्या प्रशिक्षिका एतेरी तुतबेरिद्झे यांनी तिला जवळ घेण्याऐवजी लढणे का सोडलेस, असे विचारले. तेही कॅमेऱ्यांनी टिपले. ऑलिंपिक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष थॉमस बाख यांनी दुसऱ्या दिवशी त्या थंड वागणुकीविषयी जाहीर नापसंती व्यक्त केली. बाखसाहेबांना वाईट वाटले हे चांगलेच झाले, पण ते एक दिवस उशिरा वाटले.

माझे मत येथे स्पष्ट सांगतो, पटले नाही तरी चालेल. लवादाने दयेपोटी तिला खेळू दिले, ती दया नव्हती. समजा आपल्या गावात एखाद्या डॉक्टरकडे पंधरा वर्षांच्या मुलीचा असा रिपोर्ट आला. हृदयरोगाचे औषध शरीरात आहे आणि ते कसे आले हे कोणाला धड सांगता येत नाही. तो डॉक्टर काय करील? तिला धावायला पाठवील? तो आधी तिला खाली बसवील. विचारील, बाई, तुला हे कोणी दिले, कधीपासून, आणखी काय काय देतात. ईसीजी काढील. आईला आत बोलावील. स्पर्धा पुढच्या. मुलगी मैदानावर उतरावी की नाही, हा वैद्यकीय प्रश्न आधी आणि कायद्याचा नंतर असायला हवा होता.

आता गोळी आली कुठून? बचाव असा होता की तिचे आजोबा ही गोळी घेतात, आणि त्यांच्यामार्फत ती चुकून तिच्या पोटात गेली. लवादापुढे स्ट्रॉबेरीच्या एका गोड पदार्थाची हकिगत मांडली गेली. आजोबांनी तो केला आणि त्यात गोळीचा अंश मिसळला, अशी. नमुन्यात सापडलेले प्रमाण होते एका मिलिलिटरमागे २.१ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक म्हणजे नॅनोग्रॅम. एवढे कमी प्रमाण चुकून आले असेल, किंवा बरेच दिवसांपूर्वी घेतलेल्या गोळीची ती शेपटी असेल. एका आकड्यावरून दोन्ही गोष्टी सांगता येतात, ही खरी अडचण. त्याच नमुन्यात आणखी दोन द्रव्ये सापडली, हायपॉक्सेन आणि एल-कार्निटीन. त्यांवर बंदी नाही. पण शरीराच्या ऊर्जेसाठी आणि प्राणवायूच्या वापरासाठीच ती घेतली जातात. निकालानंतर कागदपत्रांच्या आधारे वर्तमानपत्रांत आले की तेरा ते पंधरा या वयात तिला छप्पन्न निरनिराळी औषधे आणि पूरके दिली गेली होती. आपल्याकडे छप्पन्न भोग देवापुढे ठेवतात. देवाला पचतात, कारण तो खात नाही.

रशियातील शिस्त समितीने जानेवारी २०२३ मध्ये मुलीचा काहीच दोष नाही असे ठरवले. त्यावर 'वाडा' आणि इतर लवादाकडे गेले, आणि २९ जानेवारी २०२४ रोजी लवादाने चार वर्षांची बंदी घातली, २५ डिसेंबर २०२१ पासून मोजून. सांघिक सुवर्ण अमेरिकेला गेले, रौप्य जपानला, रशियनांना कांस्य. त्या अमेरिकी आणि जपानी खेळाडूंना बीजिंगहून सांघिक पदकाविना घरी जावे लागले होते. त्यांचा पदक समारंभ झाला ७ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिसच्या उन्हाळी ऑलिंपिकमध्ये. त्यांच्या बाजूनेही पाहिले पाहिजे. अडीच वर्षे वाट पाहणाऱ्या त्या मुलामुलींनी काय गुन्हा केला होता?

येथे नियमाची मेख समजून घ्यावी लागते. उत्तेजकांच्या कायद्यात द्रव्य ज्याच्या शरीरात, जबाबदारी त्याची. हेतू सिद्ध करण्याचे ओझे आरोप करणाऱ्यावर नसते. औषध हेतुपुरस्सर घेतलेले नाही हे खेळाडूने पटवून द्यायचे असते. कठोर वाटते, पण असे नसते तर प्रत्येक खेळाडूने आजोबांकडे बोट दाखवले असते. सोळा वर्षांखालील मुलांना सवलत आहे. त्यांचा मोठा दोष नाही असे ठरले तर नुसत्या ताकिदीवरही सुटका होऊ शकते, फार तर दोन वर्षे. पण ती सवलत पुढच्या खोलीत ठेवलेली आहे, आणि हेतू नव्हता हे पटवणे हा त्या खोलीचा दरवाजा आहे. दरवाजा उघडला नाही की पंधरा वर्षांची मुलगी आणि तीस वर्षांचा पहिलवान सारखेच. लवादाने नेमके हेच म्हटले. २०२२ मध्ये लहान म्हणून खेळवली आणि २०२४ मध्ये मोठ्यांच्या मापाने मोजली.

लवादापुढच्या त्या खटल्यात प्रतिवादींत होती ती मुलगी. शिक्षा झाली तिला. पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचे जेवण ठरवता येत नाही, झोपेची वेळ ठरवता येत नाही, डॉक्टर निवडता येत नाही. हातावर गोळी ठेवली तर ती गिळते. आपल्या मुली काय वेगळे करतात?

मला याच संदर्भात एक जुनी गोष्ट आठवते. २००० सालचे सिडनी ऑलिंपिक. रुमानियाची सोळा वर्षांची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान हिने सर्वंकष स्पर्धेचे सुवर्ण जिंकले. तिला सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरांनी एक साधी गोळी दिली होती. त्यात स्यूडोएफेड्रिन होते. सुवर्ण काढून घेतले गेले. मुलीचा हेतू वाईट नव्हता हे सर्वांनाच मान्य होते. त्या डॉक्टरांनाही पुढच्या दोन ऑलिंपिकपासून दूर ठेवण्यात आले, एवढे तरी झाले. त्याच वर्षी एलेना बेरेझनाया या रशियन स्केटिंगपटूचे युरोपीय विजेतेपदही याच द्रव्यापायी गेले होते. पुढे २००४ मध्ये स्यूडोएफेड्रिन यादीतून वगळले आणि २०१० पासून ठरावीक प्रमाणाच्या वर असेल तर स्पर्धेच्या दिवशी पुन्हा बंदी आली. रादुकानचे सुवर्ण मात्र परत मिळाले नाही.

तेव्हा मी नुकताच दवाखाना थाटला होता. त्या डॉक्टरांवर मी मनातल्या मनात चिडलो होतो. त्यानंतर दहा-अकरा वर्षांनी पावसाळ्याच्या अखेरीस एक बाप आपल्या मुलीला घेऊन आला. नाक वाहत होते, डोके धरले होते. मी हातासरशी सर्दीची गोळी लिहून दिली, दिवसातून तीन वेळा. काय करतेस, कुठे खेळतेस, एक अक्षर विचारले नाही. दहा दिवसांनी तो बाप पेढे घेऊन हजर. मुलगी राज्य पातळीवर आठशे मीटरमध्ये दुसरी आली होती. "डॉक्टर, तुमच्या गोळीनं सर्दी गेली म्हणून पळाली!" पेढा तोंडात असतानाच मला ती रुमानियाची मुलगी आठवली. तेथे कोणी चाचणी घेतली नाही, म्हणून निभावले. घेतली असती तर तिच्या नावापुढे माझे अक्षर होते. त्या दिवसापासून वीस वर्षांखालच्या प्रत्येक पेशंटला मी विचारतो, बाळ, काही खेळतोस का, स्पर्धा कधी आहे? बहुतेक मुले हसतात.

औषधांचे झाले. पण बर्फावरच्या या मुलींच्या बाबतीत औषध हा रोगाचा एक भाग आहे, पूर्ण रोग नव्हे. चार गिरक्यांची उडी अर्ध्या-पाऊण सेकंदात संपते. तेवढ्यात चार वेळा फिरायचे तर शरीर बारीक, अरुंद आणि हलके हवे. वयात येण्याआधीचे. मुलगी वयात आली, कंबर रुंदावली, वजन वाढले की तीच उडी अवघड होते. म्हणून निसर्ग ज्याला वाढ म्हणतो, त्याला या खेळात संकट म्हणतात. मग ताटातले अन्न कमी होते, रोज वजनकाटा, पाळी लांबते किंवा थांबते. ज्या वर्षांत हाडांत कॅल्शियमचा साठा भरायचा, त्याच वर्षांत तो रिकामा राहतो; आणि त्याच हाडांवर दर उडीला शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो. हाडाला बारीक चीर जाते, मुलगी वेदनाशामक घेते आणि पुन्हा उडी मारते. खाणे कमी, खर्च जास्त, यातून होणाऱ्या या सगळ्या बिघाडाला ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये स्वतंत्र नाव दिले. साध्या मराठीत आपण त्याला उपासमारीचा व्यायाम म्हणू.

युलिया लिपनित्स्काया २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांची होती. संघाला सुवर्ण. १९ व्या वर्षी, २०१७ मध्ये, अन्न टाळण्याच्या मानसिक आजारावर, म्हणजे अनोरेक्सियावर उपचार घेऊन तिने खेळ सोडला. अलिना झागितोवाने २०१८ मध्ये पंधराव्या वर्षी वैयक्तिक सुवर्ण जिंकले आणि २०१९ च्या डिसेंबरात, सतराव्या वर्षी स्पर्धा थांबवल्या. दोघीही वालिएवाच्याच प्रशिक्षिकेच्या हाताखालच्या, आणि दोघींपैकी एकीनेही दुसरे ऑलिंपिक पाहिले नाही. याउलट बीजिंगमध्ये कांस्य मिळवणारी जपानची काओरी साकामोतो एकवीस वर्षांची होती, तिच्या कार्यक्रमात चार गिरक्यांची एकही उडी नव्हती, आणि २०२२ ते २०२४ अशी सलग तीन वर्षे ती जगज्जेती झाली. अमेरिकेच्या अलिसा लिऊने तर सोळाव्या वर्षी, २०२२ मध्ये, पुरे झाले म्हणून बूट खुंटीला टांगले. दोन वर्षे घरी राहिली, मनासारखे जगली, परत आली आणि मार्च २०२५ मध्ये बोस्टनला जगज्जेती झाली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग महासंघाने जून २०२२ मध्ये मोठ्यांच्या स्पर्धांसाठी किमान वय पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेले. २०२४-२५ च्या हंगामापासून ते लागू झाले. बरे झाले. मात्र सराव दहाव्या वर्षी सुरू होतो, त्याला वयाची अट कोण घालणार? प्रशिक्षकांच्या वजनकाट्याला कोण घालणार?

आपल्याकडच्या कबड्डी, कुस्ती, धावण्याच्या मैदानांवर सकाळी पाचला मुली दिसतात, त्यांच्या आईवडिलांसाठी दोन शब्द. मुलीची पाळी पंधरा वर्षे पूर्ण होऊनही आली नसेल, किंवा येत असताना सलग तीन महिने चुकली असेल, तर सराव चांगला चालला आहे असे समजून गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. नडगी एकाच जागी दाबल्यावर दुखत असेल तर ती विश्रांती मागते आहे. प्रशिक्षक पुडीत बांधून ताकदीची म्हणून काही देत असतील तर डब्यावरचे नाव वाचू द्या असे सांगा; नाव नसेल तर देऊ नका. आणि डॉक्टरांकडे गेलात तर आमच्या विचारण्याची वाट न पाहता मुलगी स्पर्धेत खेळते हे आधी सांगा. बंदी असलेले औषध खरोखरच आजारासाठी लागत असेल तर 'नाडा' या आपल्या राष्ट्रीय संस्थेकडे आधी अर्ज करून परवानगी मागता येते. (नाव ऐकून हसू नका, तिच्या मागे २०२२ पासून संसदेचा कायदा आहे.) अंजायनाच्या पेशंटांनी मात्र हा लेख वाचून आपली गोळी बंद करू नये. चालताना तोल जातो आहे किंवा हात थरथरतो आहे असे वाटले, तर मात्र तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगावे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गुरुजी पुन्हा कात्रण घेऊन आले. चार वर्षांच्या बंदीची बातमी होती. रक्तदाब पाहून झाला, तरी ते उठेनात. "डॉक्टरसाहेब, मी आता गोळ्या ताटाजवळ ठेवत नाही," ते म्हणाले. "देवघराशेजारी वेगळा डबा केलाय. नातीला हसू येतं. तिची बारावी आहे यंदा." मग बोटांवर हिशेब करून त्यांनी विचारले, "म्हणजे ही बंदी सुटेल तेव्हा ती पोर एकोणीस वर्षांची होईल, नाही का?"

२५ डिसेंबर २०२५. मी हो म्हणालो.